तळहातावरची अक्षरे

फुटबॉलच्या मैदानावर झालेल्या रॉक संगीताच्या कार्यक्रमाविषयी दिवाळी अंकात लिहावे, हे काही रसिकांना विचित्र वाटेल. आपल्याकडे मैफल म्हटली की पांढऱ्या चादरीची बैठक, जुळवलेले तंबोरे आणि समोर दोनचारशे जाणकार असे चित्र डोळ्यांपुढे येते. ऐंशी हजार माणसे उभ्याने ओरडत असताना विजेच्या गिटारी वाजतात, तिथे रसग्रहण करायचे तरी कशाचे, असे कुणी विचारले तर तो प्रश्न अगदीच गैरलागू नाही. तरीही २७ जुलै १९८६ रोजी बुडापेस्टच्या नेपस्टॅडियनवर झालेल्या 'क्वीन' या इंग्रजी वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाकडे, आणि त्याहूनही अधिक त्या कार्यक्रमाच्या जपल्या गेलेल्या आठवणींकडे, दोन भाषांच्या उंबरठ्यावर संसार करणाऱ्या आपल्यासारख्यांनी एकदा नीट पाहायला हवे. कारण त्या आठवणींच्या केंद्रस्थानी आहे ती एक भाषा.

त्या रविवारी रात्री सुमारे दोन तास गाणे झाले. 'क्वीन'ची गाजलेली बहुतेक गाणी त्यात होती. फ्रेडी मर्क्युरी हा त्यांचा मुख्य गायक तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता आणि आवाजाच्या व रंगमंचावरील हुकमतीच्या ऐन भरात होता. कार्यक्रम संपताना तो राजासारखा झगा आणि मुकुट घालून आला. हे सारे हंगेरीच्या रसिकांना आठवतेच. पण ज्या एका गोष्टीवाचून त्या रात्रीची हकिगत तिथे पुरी होत नाही, ती या भव्यतेतली नव्हे. कार्यक्रमाच्या मध्यावर, ब्रायन मे यांच्या साध्या गिटारीच्या साथीवर, फ्रेडीने एका हंगेरियन लोकगीताच्या थोड्या ओळी म्हटल्या. 'तॉव्हॉसी सेल', म्हणजे वसंतातला वारा, अशा शब्दांनी सुरू होणारे ते गीत. ती भाषा त्याला येत नव्हती. शब्द त्याने तळहातावर लिहून आणले होते, आणि गाताना तो अधूनमधून हाताकडे बघत होता.

निखळ गायनाच्या कसोटीवर पाहिले तर तो त्या रात्रीतला सर्वांत कच्चा भाग म्हणावा लागेल. उच्चार अडखळते आहेत. अर्थाशी ओळख नसल्यामुळे शब्दांवर जिथे वजन पडायला हवे तिथे ते नेमके पडत नाही. दोन सप्तकांवर सहज फिरणारा गळा शाळकरी मुलाने पाठ म्हणावा तसा जपून पाऊल टाकतो. आणि तरीही रसिकांनी उराशी धरून ठेवला तो हाच तुकडा. असे का झाले असेल? 'त्यांना आनंद झाला' एवढे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. कच्चे गाणे पक्क्या गाण्यापेक्षा अधिक काळ टिकते तेव्हा गाणाऱ्याकडे जितके पाहावे तितकेच ऐकणाऱ्याकडेही पाहावे लागते.

आधी या संगीतप्रकाराची प्रकृती ध्यानात घेऊ. फुटबॉलचे मैदान हे गाण्यासाठी बांधलेले नसते. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे रंगमंचापासून शंभर मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला सूर जवळजवळ तीन दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. त्याने तिथून टाळी दिली की ती परत येईपर्यंत आणखी तेवढाच वेळ जातो. द्रुत लयीतल्या, शब्दांनी गच्च भरलेल्या गाण्याचा अशा जागी चिखल होतो. म्हणून मैदानात रमणाऱ्या वाद्यवृंदांनी हळूहळू एक वेगळी रीत बसवली. सोपा ठेका, लांब ओढलेले स्वर आणि शब्द जितके कमी तितके बरे. फ्रेडीची ती प्रसिद्ध साद आठवावी. तो नुसते 'ए-ओ' असे स्वर लांबवतो आणि हजारो माणसे ते जसेच्या तसे परत करतात. त्यात भाषा नाहीच. 'रेडिओ गा गा' या गाण्यात डोक्यावर हात नेऊन सगळे मैदान एकदम टाळ्या देते, तिथेही शब्दांची गरज उरत नाही. लंडन, साओ पावलो, बुडापेस्ट, कुठेही हे सारखेच घडू शकते, आणि या प्रकाराचे जगभरचे यश त्यातच आहे.

पण जे सगळीकडे सारखेच घडते त्याची आठवण कुणा एकाची होत नाही. १९८१ च्या मार्चमध्ये साओ पावलोच्या मोरुंबी या फुटबॉल मैदानावर एक लाखाहून अधिक माणसांनी 'क्वीन'चे गाणे ऐकले आणि ज्यांची भाषा पोर्तुगीज त्यांनी इंग्रजी प्रेमगीत शब्दन् शब्द म्हणून दाखवले. ते दृश्यही भारावून टाकणारेच. तिथे श्रोते पाहुण्याच्या भाषेकडे चालत गेले. बुडापेस्टला पाहुणा श्रोत्यांच्या भाषेकडे आला. दोन्हींतला फरक वरवर पाहता किरकोळ वाटेल. ज्यांना रोज दुसऱ्याच्या भाषेकडे चालत जावे लागते, बाजारात, कचेरीत, शाळेच्या दाखल्यावर, त्यांना तो किरकोळ वाटणार नाही.

हंगेरियन माणसाच्या दृष्टीने त्या जागेचे आणि त्या काळाचे वजन काय होते, तेही पाहिले पाहिजे. नेपस्टॅडियन म्हणजे लोकांचे स्टेडियम. ते १९५३ च्या ऑगस्टमध्ये उघडले. दुसऱ्याच वर्षी, २३ मे १९५४ रोजी, पुश्काशच्या संघाने तिथे इंग्लंडला ७-१ असे हरवले. इंग्लंडच्या फुटबॉल इतिहासातला तो सर्वांत मोठा पराभव. पुढे १९५६ चा उठाव झाला, रशियन रणगाड्यांनी तो चिरडला आणि यानोश कादार यांची दीर्घ राजवट सुरू झाली. कलेच्या बाबतीत त्या राजवटीचे सूत्र तीन शब्दांचे होते. हंगेरियन भाषेत ते तिन्ही 'त'ने सुरू होतात. मराठीत सांगायचे तर पाठिंबा, मुभा आणि मनाई. रॉक संगीताची जागा बहुधा मधल्या खणात असे, म्हणजे चालवून घेतलेले. याच मैदानावर १९६५ साली लुई आर्मस्ट्राँगचे जाझ झाले होते. पाश्चात्त्य रॉकची मंडळीही अधूनमधून हंगेरीत येऊन गेली होती. पण एवढ्या प्रचंड प्रमाणावरचा मैदानी रॉक कार्यक्रम पोलादी पडद्याच्या त्या बाजूला नवलाचाच होता. शेजारच्या समाजवादी देशांतूनही तरुण मंडळी त्यासाठी आली. ज्यांना लंडनला जाण्याचा परवाना मिळणे दुरापास्त होते त्यांच्यासाठी लंडनच चालून आले होते.

त्या काळात हंगेरीच्या शाळांत रशियन भाषा सक्तीची होती. इंग्रजी ही गाण्यांतून, रेडिओवरून आणि कष्टाने मिळवलेल्या तबकड्यांवरून झिरपणारी, हवीहवीशी भाषा होती. एक लादलेली आणि एक ओढ लावणारी, अशा दोन मोठ्या भाषांच्या मध्ये ही एक छोटी भाषा होती. छोटी म्हणजे देशात बोलणारे एक कोटीच्या आसपास. भोवती जर्मन, स्लाव आणि रुमानियन भाषांचा वेढा, आणि जवळची म्हणावी अशी एकही नातलग भाषा शेजारी नाही. १९२० च्या ट्रायनॉनच्या तहाने सीमा बदलल्या आणि लाखो हंगेरियन भाषक एका रात्रीत परदेशस्थ झाले. घर तेच, अंगण तेच, चर्च तेच, फक्त सरकारी पाटीवरची लिपी किंवा भाषा निराळी. या वर्णनाचा अर्थ आपल्या वाचकांना फोड करून सांगायची गरज नाही. 'तॉव्हॉसी सेल' या गीताचा उगमही मोल्दाव्हियातल्या चांगो लोकांच्या, म्हणजे हंगेरीबाहेर पिढ्यान् पिढ्या हंगेरियन बोलत राहिलेल्या समाजाच्या गाण्यांत सांगितला जातो. सीमेपलीकडच्या माणसांनी जपलेले गाणे राजधानीच्या मैदानात एका परक्याच्या तोंडून उमटावे, हा योग चटका लावणारा आहे.

त्या मैदानात जे झाले त्याचे अर्धे श्रेय फ्रेडीच्या तळहाताला असेल, पण उरलेले अर्धे त्याच्याही जन्मापूर्वीपासून चाललेल्या एका चिवट कामाला द्यायला हवे. विसाव्या शतकाच्या आरंभी बेला बार्तोक आणि झोल्तान कोदाय हे दोन तरुण संगीतकार मेणाच्या नळकांड्यांवर आवाज टिपणारे यंत्र घेऊन खेडोपाडी हिंडू लागले. त्यांनी जमवलेल्या गीतांपैकी वीस गीतांचे एक पुस्तक १९०६ साली दोघांच्या नावे निघाले. पुढे कोदाय यांनी हट्टच धरला की मुलाची बोलण्याची जशी मातृभाषा असते तशी गाण्याचीही असते, आणि ती शाळेत लोकगीतांतूनच शिकवली पाहिजे. १९५० साली केच्केमेत या त्यांच्या जन्मगावी रोज गायन शिकवणारी प्राथमिक शाळा सुरू झाली. हाताच्या खुणांनी स्वर ओळखायचे, वाद्याविना गायचे, आणि गायचे ते आपल्या मातीतले. ही पद्धत पुढे जगभर 'कोदाय पद्धत' म्हणून गेली. हंगेरीत तिचा परिणाम असा झाला की पिढ्याच्या पिढ्या काही ठराविक लोकगीते कंठस्थ करूनच शाळेबाहेर पडल्या. 'तॉव्हॉसी सेल' हे त्यांतलेच एक. वसंतातला वारा, फुगलेली पाणी, जोडीदार निवडणारी पाखरे आणि 'मी कुणाला निवडू' असे विचारणारे मन. चार-पाच स्वरांच्या आवाक्यातली, संथ चाल. मघाशी सांगितलेल्या तीन दशांश सेकंदांच्या अडचणीतही न विस्कटणारी.

तेव्हा फ्रेडीने ते शब्द उचलले, त्या क्षणी मैदानातल्या हजारोंना पुढची ओळ येत होती. आपल्याला येते याची जाणीवही कदाचित त्यांना तोवर नसेल. रॉक ऐकायला आलेल्या तरुणांच्या लेखी शाळेतले लोकगीत म्हणजे मास्तरांनी माथी मारलेले, जुनाट प्रकरण असण्याचाच संभव अधिक. ज्या आधुनिक जगाची ओढ होती त्या जगाच्या दूतानेच ते जुनाट गाणे हातावर लिहून आणले. मी तर म्हणेन, त्या आठवणीचा खरा गाभा इथेच आहे. ऐकणाऱ्यांना त्यांच्याच गळ्यातली एक वस्तू परत मिळाली. पाहुण्याने पहिली ओळ म्हटली, पण तो क्षण पुरा झाला तो श्रोत्यांच्या गळ्यांत पुढची ओळ होती म्हणून.

आता आठवणींच्या विश्वसनीयतेचा प्रश्न. समीक्षकाने त्याला बगल देऊ नये. त्या कार्यक्रमाचे चित्रण 'मॉफिल्म' या हंगेरीच्या सरकारी चित्रसंस्थेने केले. दिग्दर्शक यानोश झोम्बोयॉई. पंधराहून अधिक चित्रपट-कॅमेरे त्या एका रात्रीसाठी लावले गेले होते. त्यातून तयार झालेला 'व्हॉराझ्लॉत', म्हणजे जादू, हा चित्रपट १९८७ मध्ये हंगेरीत लागला. पुढे व्हिडिओ फितीवर आला, आणि २०१२ साली नव्याने स्वच्छ करून 'हंगेरियन ऱ्हॅप्सोडी' या नावाने पुन्हा जगभर दाखवला गेला. फ्रेडीचे निधन २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सने झाले. म्हणजे आज जो कुणी त्या रात्रीची आठवण सांगतो त्याच्या आठवणीवर निदान दोन थर चढलेले आहेत. एक चित्रपटाचा आणि दुसरा मृत्यूचा. तळहातावरची अक्षरे शंभर मीटरवरून कुणाला दिसणार? ती दिसली कॅमेऱ्याला. मैदानात मागे उभा असलेला माणूस आज जेव्हा 'मी पाहिले' म्हणतो तेव्हा तो बव्हंशी पडद्यावर पाहिलेले सांगत असतो. आणि 'तो आपला निरोप घेत होता' असे जेव्हा कुणाला वाटते तेव्हा १९९१ ची बातमी मागे जाऊन १९८६ मध्ये बसलेली असते. ९ ऑगस्ट १९८६ चा नेबवर्थ येथील कार्यक्रम हा फ्रेडीचा 'क्वीन'सोबतचा शेवटचा कार्यक्रम ठरला, हे त्या दिवशी श्रोत्यांना कसे ठाऊक असणार?

मग या आठवणी खोट्या म्हणायच्या का? मला तसे वाटत नाही. डोळ्यांची आठवण चित्रपटाने उसनी दिली असेल, पण गळ्याची आठवण उसनी मिळत नाही. ज्याने त्या रात्री पुढची ओळ म्हटली त्याला ती म्हटल्याचे आठवते. त्यासाठी कॅमेरा लागत नाही. रसिकांच्या आठवणी तोलताना हा भेद उपयोगी पडावा. 'काय दिसले' यापेक्षा 'मी काय केले' या आठवणीवर अधिक विश्वास ठेवावा.

चित्रपट म्हणून पाहता 'व्हॉराझ्लॉत'विषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्यात मंडळी व्हिएन्नाहून डॅन्यूब नदीतून वेगवान बोटीने येतात, शहर पाहतात, पत्रकारांना भेटतात, अशी प्रवासवर्णनाची झालर लावलेली आहे. हा भाग बेताचाच. पण लोकगीताच्या वेळी दिग्दर्शकाने फार कलाकुसर न करता कॅमेरा जिथे हवा तिथे ठेवला आहे. फ्रेडीने पाठीमागे इंग्लंडचा आणि हंगेरीचा असे दोन्ही ध्वज एकत्र शिवलेले वस्त्र पसरल्याचे दृश्यही त्यात आहे. ते नेत्रदीपक असले तरी लोकगीताच्या तोडीचे नाही. ध्वज शिंप्याकडून शिवून घेता येतो. शब्द मात्र स्वतःच्याच जिभेला वळवावे लागतात. २०१८ सालच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सोडी' या इंग्रजी चित्रपटाने फ्रेडीची गोष्ट वेम्बली मैदानावरच्या १३ जुलै १९८५ च्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमाशी आणून संपवली, आणि त्यासाठी त्याच्या आजाराच्या निदानाचा काळही अलीकडे ओढला. त्या चित्रपटात बुडापेस्ट नाही. लंडनच्या दृष्टीने कळस वेम्बलीलाच झाला होता. आठवणींनाही आपापल्या राजधान्या असतात, हे त्यावरून कळते.

दुसरी बाजूही मांडायला हवी. 'क्वीन'ला हा प्रकार नवा नव्हता. १९७६ च्या एका गाण्यात त्यांनी जपानी कडवे घातले होते, १९८२ च्या एका गाण्यात स्पॅनिश शब्द होते. बाजारपेठ पाहून त्या त्या भाषेची फुले वाहण्याची ही व्यापारी हुशारी आहे, असा आक्षेप घेता येतो. शिवाय 'आम्ही राजकारणात पडत नाही' असे म्हणणाऱ्या याच वाद्यवृंदाने १९८४ मध्ये, वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवर कलावंतांचा बहिष्कार असताना, सन सिटीत कार्यक्रम केले आणि त्याबद्दल संगीतकारांच्या संघटनेकडून दंड ओढवून घेतला. तेव्हा बुडापेस्टच्या त्या मिनिटाला छोट्या भाषांच्या मुक्तीचा जाहीरनामा ठरवण्याचे कारण नाही. तो एका कसलेल्या रंगकर्मीने साधलेला प्रसंग होता. पण साधलेला प्रसंग प्रामाणिक नसतोच असेही नव्हे. आपल्याकडे बाहेरून आलेले पुढारी व्यासपीठावर 'नमस्कार, कसे आहात' म्हणतात आणि टाळ्या घेतात, तेही साधलेलेच. दोन्हींत अंतर आहे ते श्रमाचे. अभिवादनाला एक श्वास पुरतो. अनोळखी भाषेतले गाणे तालासुरात, ऐंशी हजार जाणकारांपुढे, फसण्याचा धोका पत्करून म्हणायचे तर त्याला काही तास घालवावे लागतात. हातावर लिहून आणणे हा त्या श्रमाचा उघड कबुलीजबाब होता. 'मला हे येत नाही, तरी मी आणले आहे', असे तो हात सांगत होता.

आणि हा हात कुणाचा होता, हे मराठी वाचकाला सांगितलेच पाहिजे. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारोख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांजिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्म. आठ-नऊ वर्षांचा असताना त्याला शिक्षणासाठी पाचगणीला धाडले. तिथल्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात तो वाढला, पियानो शिकला, 'हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी वाद्यवृंदात वाजवू लागला, आणि तिथेच फारोखचा फ्रेडी झाला. १९६४ मध्ये झांजिबारला क्रांती झाल्यावर कुटुंब इंग्लंडला गेले. म्हणजे ज्या मुलाने बालपणी समुद्र ओलांडून सह्याद्रीच्या माथ्यावरची थंडी सोसली, घरी गुजराती, शाळेत इंग्रजी आणि शाळेच्या फाटकाबाहेर मराठी अशा तीन हवांत जो वाढला, तोच पुढे बुडापेस्टला चौथीच एक भाषा हातावर लिहून उभा राहिला. त्याच्या प्रसिद्ध गाण्यांत घरच्या गुजरातीला जागा मिळाली नाही, पाचगणीचा उल्लेखही तो क्वचितच करी. त्याचे मन ओळखण्याचा आव आणू नये. पण ज्याला लहानपणापासून दर उंबरठ्यावर भाषा बदलावी लागली, त्याला दुसऱ्याच्या उंबरठ्यावर त्याची भाषा घेऊन जाण्याचे मोल कळले असेल, एवढे म्हणायला हरकत नसावी.

तुलनेसाठी फार लांब जायला नको. गदगकडच्या कानडी घरात जन्मलेल्या पंडित भीमसेन जोशी यांनी 'संतवाणी'तून मराठी अभंग घरोघर नेले आणि कन्नड दासांची पदेही तितक्याच आर्ततेने गायिली. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व देवासला स्थायिक झाले. आजारपणात अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी कानांत साठवली आणि त्यांतून नवे रागरूप उभे केले. हे तळहातावरचे शब्द नव्हेत. ही भाषा आणि ही धून रक्तात उतरेपर्यंत केलेली वस्ती आहे. या मापाने मोजले तर फ्रेडीचे मिनिट म्हणजे अंगणात टेकून घेतलेला घोटभर चहा. पण आलेल्या पाहुण्याने घोटभर का होईना घेतला, याचा आनंद घरच्या माणसाला होतोच, आणि तो खोटा नसतो.

माझ्या मनात घोळत राहतो तो प्रश्न पाहुण्याविषयी नाहीच. उद्या कुणी मोठा परका कलावंत आपल्या गावी आला, आणि त्याने हातावर लिहून एखादी ओवी, एखादी गौळण किंवा भोंडल्याचे एखादे गाणे म्हणायला सुरुवात केली, तर समोरच्या पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलांना पुढची ओळ येईल का? बेळगाव असो, बडोदे असो, इंदूर असो वा हैदराबाद, आपल्या घरांतले चित्र साधारण एकच आहे. मूल इंग्रजी शाळेत जाते, रस्त्यावर कन्नड, गुजराती, हिंदी किंवा तेलुगू बोलते, आजीशी मराठी बोलते. बोलणे अजून आहे. गाणे मात्र पातळ होत चालले आहे. गणपतीच्या आरतीला उभे राहिले की पहिल्या कडव्याला सगळ्यांचे आवाज खणखणीत असतात, दुसऱ्याला निम्मे होतात आणि तिसऱ्या कडव्याला थोरल्या आत्याबाई आणि भटजी एवढेच उरतात. बाकीचे टाळ्या देतात. टाळ्यांना भाषा लागत नाही, हे आपण वर पाहिलेच.

कोदाय यांच्या कामाचा धडा आपल्यासाठी एवढाच आहे, आणि तो अंमलात आणायला सरकारची वाट पाहावी लागत नाही. मुलाला भाषेचे व्याकरण शिकवण्याआधी तिची दहा गाणी पूर्ण, म्हणजे शेवटच्या कडव्यापर्यंत, पाठ असावीत. ती त्याला जुनाट वाटली तरी चालेल. हंगेरीतल्या मुलांनाही ती वाटली असतील. गळ्यात पडून राहिलेले गाणे केव्हा उपयोगी पडेल ते सांगता येत नाही. उपयोगी पडले नाही तरी ते कुणाला जड होत नाही. आणि शेजारच्या भाषेतलीही दोन गाणी असावीत, अर्थासकट. पाहुणा होऊन कुणाच्या दारी जाण्याची वेळ आपल्यावरही येते, आणि तेव्हा रिकामा हात घेऊन जाऊ नये.

ते नेपस्टॅडियन आता नाही. २००२ मध्ये त्याला पुश्काशचे नाव दिले गेले, पुढे जुने बांधकाम पाडले, आणि त्या जागी उभे राहिलेले नवे मैदान नोव्हेंबर २०१९ मध्ये उघडले. १९८६ च्या श्रोत्यांतले जे विशीत होते ते आज साठीला टेकले आहेत. फ्रेडीच्या हातावरची शाई त्याच रात्री घामाने किंवा साबणाने निघून गेली असेल. 'तॉव्हॉसी सेल' मात्र हंगेरीच्या शाळांत आजही म्हटले जाते. ते फ्रेडीने गायिले म्हणून टिकले असे नव्हे. ते टिकले होते, म्हणूनच त्याला ते गाता आले.